विषय क्रमांक चार

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत
चिटणीस म्हणून माझी ती चौथी सभा.
आधीच्या तिन्ही इतिवृत्तांत
माझ्याच अक्षरात एक ओळ आहे:
चर्चा झाली नाही.

तयारी मात्र मी करून जायचो.
फळ्यावर खडूने, खाली दुहेरी रेघ मारून,
"घटते मत्स्योत्पादन: कारणे व उपाय".
कोणाला काही बोलायचंय?
माणसं छपराकडे बघायची,
तिथे टांगलेल्या जाळ्याचे बोये मोजायची.
कुणीतरी म्हणायचं, साहेब, तुमी लिवा बरोबर,
आणि चहा यायचा.

त्या दिवशी सगुण केळुसकर उशिरा आला.
तापातून उठलेला, कानाला मफलर.
दारातल्या दोरखंडाच्या वेटोळ्यावरच टेकला
आणि माझं दुसरं कारण चालू असताना
शेजारच्याला विचारावं तसं म्हणाला,

"बांगडो येवच्या आदी दर्याक वास येता ना,
तो कसलो रे?
तापापासून माज्या नाकाक कायच कळणा नाय.
आटवूक बगतंय, आटवणा नाय."

कुणी हसलं नाही.
मनवेल फर्नांडिसने विडी विझवली.
तवशाचो, म्हणाला. चिरलेल्या तवशाचो, बियांकडचो.
छे, भिजलेल्या गोणपाटाचो, मागून कुणी.
तुज्या होडयेत गोणपाट आसा म्हणान!
एकाचा बाप पाणी जिभेवर घेऊन सांगायचा,
एकाच्या मते वास नसतोच, पाखरं असतात,
आपण नाकाला उगाच श्रेय देतो.
आणि लाडू तांडेल,
जो घरातही दिवसाला चार शब्द खर्च करतो असं ऐकून होतो,
उठून भिंतीवर बोटाने वारा काढायला लागला.

सगुण मध्ये पडला नाही.
गलका फार झाला तेव्हा एकदाच,
"मनवेल, बियांकडचो म्हणलंस?"
आणि परत गप्प.
रापणीचा एक दोर किनाऱ्यावरच्यांच्या हाती देऊन
होडी वळसा घालायला निघून जाते, तसा.

मग मागच्या बाकावरून शेवंती गिरप बोलली,
पाटी पायाशी, सकाळच्या फेरीहून तशीच आलेली:
"माका इचारशात तर
माज्या पाटयेक तो वास
तीन वर्सां झाली, लागलोच नाय."

बाहेर भरती पायरीला लागत होती,
ती तेवढी ऐकू आली.
चार, कुणी म्हणालं. तीन नाय, चार.
मग लायटीवाल्या बोटी, रात्रीचा दिवस करणाऱ्या,
मग खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ,
बर्फाचा भाव, कर्जाचा हप्ता,
पोराला गोव्याला धाडावं की रापणीवर ठेवावं.
फळ्यावरचा माझा विषय
टेकून उभ्या राहिलेल्या कुणाच्या तरी शर्टाने
केव्हाच पुसून नेला होता.

साडेदहाला वीज गेली.
मोबाईलच्या उजेडात मी लिहीत राहिलो,
पानं संपली तेव्हा जमाखर्चाच्या वहीत.
तवसं की गोणपाट, ते ठरलं नाही.
पुढल्या सभेला कोचऱ्याहून दोघे आले,
सभासद नसलेले,
गोणपाटाच्या बाजूने.

मी घाटावरचा. एका पहाटे पुळणीवर गेलो,
नाक वर करून उभा राहिलो.
खारट. ओलं. थोडं डिझेल.
सगुण उलट्या होडीवर बसला होता, पाठमोरा.
"काय येता?"
एरवी मी काहीतरी सांगितलं असतं,
मुद्द्यांसकट.
ठावक नाय, म्हटलं.
तो जरा सरकला,
होडीवर जागा केली.